अण्णा, माझं राहिलं

अण्णा, आज ऑफिसातून येताना पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि मी हॉर्नवर हॉर्न मारत होते. पुढच्या टेम्पोवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "अरे मॅडम, उड के जाऊं क्या?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं की मला घाई कशाची आहे? घरी वाट बघणारं कोण आहे? सात वाजले काय नि नऊ वाजले काय. तुमचं तेरावं परवा झालं. तरीही मी आणखी एकदा हॉर्न मारलाच. बोळिंजला पोचले, गेटातून आत वळले, आणि मान आपोआप तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे गेली. खिडकी बंद. सकाळी मीच बंद करून गेले होते, कारण उघडी ठेवली की कबुतरं आत येतात, आणि कबुतरं आली की तुम्ही ओरडता. ओरडायचात. बघा, हे 'ओरडायचात' अजून तोंडात बसत नाही.

लोकांच्या मनात एकच आहे, आता सुटलीस बाई. तसं उघड कुणी म्हणत नाही, पण खांद्यावर हात ठेवतात तेव्हा कळतं. चाळिशीला टेकलेली, लग्न न झालेली, बापाच्या घरात बापाच्या धाकात राहिलेली मुलगी, आता जरा मोकळा श्वास घेईल, असं त्यांना वाटतं. मोकळी म्हणजे काय, सांगू? काल सकाळी मी मुद्दाम कुर्ता सुलटा वाळत घातला. तुम्ही कधीच घालू दिला नसता, रंग विटतो म्हणून. चहा पिता पिता माझी नजर सारखी दोरीकडे. शेवटी उठले, काढला, उलटा केला, पुन्हा चिमटा लावला. रंग खरंच विटतो का, हे मला आजही माहीत नाही. पण माझे हात अजून तुमचंच ऐकतात, त्याला मी काय करू?

तुम्ही गोदीत टाइमकीपर होतात आणि रिटायर झाल्यावर सगळी गोदी घरात घेऊन आलात. आई गेली, दादा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि मग हजेरी घ्यायला कामगार उरला एकच. खिडकीशी खुर्ची, हातात पंचा, आणि नजर गेटावर. कुणाचं पार्सल आलं, वॉचमन कुठे पेंगतोय, कुणाची मुलगी कुणाच्या बाइकवरून उतरली, सगळं तुम्हाला ठाऊक. मी दारात पाऊल टाकलं की, "इलंस? खंय होतंस?" अहो, कुठे असणार? सातिवलीला. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्याच युनिटमध्ये, जिथे मी इतकी वर्षं डिस्पॅच बघतेय. पण नाही, रोज नव्याने विचारायचं.

बांगडे आणले की पिशवी माझ्या हातातून घेऊन तुम्ही कल्ले वर करून बघायचात. "तुका फसवल्यान. ह्ये कालचे." अर्नाळ्याची ती मावशी, जी माझ्यासाठी पाटीच्या तळाशी चांगले बांगडे लपवून ठेवते, ती मला फसवते! मग त्याच बांगड्यांचं तिखलं केलं की ताट पुसून खायचात. मी वाट बघायचे, आज तरी म्हणतील बरं झालंय. तुम्ही उठायचात, बेसिनशी हात धुता धुता म्हणायचात, "तिरफळां कमी पडली." दर खेपेला तिरफळंच कमी पडायची. एकदा मी चिडून मूठभर घातली. त्या दिवशी म्हणालात, "आज काय तिरफळांचा झाड तोडलंस?"

मीही काही गरीब गाय नव्हते. तुमच्या हाताखाली राहून मलाही युक्त्या सुचल्या होत्या. तुम्ही काही म्हणालात की 'हो' म्हणायचं आणि आपल्याला हवं ते करायचं. फोनवर बोलायचं तर न्हाणीघरात, नळ सोडून. तेही फार टिकलं नाही, बोळिंजमध्ये पाण्याची बोंब, तुम्ही बाहेरून दारावर थाप मारायचात, "नळ!" एक लाल ड्रेस मी ऑफिसच्या कपाटात ठेवला होता. तो तुम्ही कधीच बघितला नाहीत आणि मीही चार-पाच वेळाच घातला असेल. पण तो तिथे आहे, एवढ्याने मला बरं वाटायचं.

आणि एक जागा होती माझी. गेटातून आत आलं की जिन्याच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला स्कूटर लावून, दिवा बंद करून मी नुसती बसून राहायचे. फोन नाही, गाणी नाहीत. हेल्मेटसुद्धा काढायचे नाही. तिथून तुमची खिडकी दिसत नव्हती, तेव्हा तुम्हालाही मी दिसत नसणार, असं मी धरून चालले होते. दिवसभर मालक बोलायचा, वर गेल्यावर तुम्ही बोलणार, मधला तेवढा वेळ माझा. मग वर यायचे आणि पुलावर ट्रॅफिक होतं म्हणून ठोकून द्यायचे.

वर्षातून एकदा, गणपतीत, हीच सगळी तक्रार तुम्ही थेट देवाच्या कानावर घालायचात. आता हे वाचणाऱ्या बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, नाहीतर त्याला वाटेल मी अतिशयोक्ती करतेय. आमच्या कोकणात पूजा झाली की घरातला मोठा माणूस देवासमोर हात जोडून उभा राहतो आणि मोठ्याने, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं मागतो. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकेक मागणं संपलं की जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात 'होय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे मग ते एकट्याचं मागणं राहत नाही, सगळ्यांचं होतं. कणकवलीकडच्या आपल्या घरात आजोबा घालायचे, तिथून ते तुमच्याकडे आलं, आणि तुम्ही ते बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आणलंत.

काय आवाज लागायचा तुमचा! खालच्या मजल्यावरची माणसं जिना चढून वर यायची ऐकायला. "बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या चेडवाक वेळेर घराक येवची बुद्धी दी!" आणि सगळा हॉल, "होय म्हाराजा!" चेडू म्हणजे मी, मुलगी. "तिच्या हातातसून तो मोबाईल सुटांदे!" होय म्हाराजा. "उलट उत्तरां देवची सवय मोडांदे!" होय म्हाराजा. शेजारचे म्हणायचे, वहिनी म्हणायची, प्रसादाला आलेला वॉचमन म्हणायचा, आणि अण्णा, मलाही म्हणावं लागायचं. हात जोडून, सगळ्यांच्या देखत, माझ्याच तक्रारीला माझाच होकार. न म्हणावं तर देवापुढे उद्धटपणा. कुठल्या बापाला अशी सोय मिळाली असेल!

एका वर्षी तर कहरच झाला. तुम्ही सुरू केलंत, "बा देवा म्हाराजा, ह्या माझा चेडू अगदीच बिनडोक..." आणि तुम्हाला ठसका लागला. लोक सवयीचे, जरा थांबलात की झालं. "होय म्हाराजा!" असं काही दणदणीत म्हणाले की देवाची समईसुद्धा हलली असेल. तुम्ही खोकताय, हात हलवताय, "नाय रे, नाय, फुडला आयका." बिनडोक नाही, पण हट्टी आहे, असं तुम्हाला म्हणायचं होतं. पण देवापुढे एकदा होय म्हटलेलं परत कसं घ्यायचं? शेजारच्या परबकाकींना हसू आवरेना, त्या मोदकांचं ताट उचलून आत पळाल्या. मी हसले नाही. तोंड फुगवून खाली गेले, स्कूटरवर बसले आणि तिथे मात्र एकटीच खो खो हसले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हीही हसला असतात का? बहुतेक विचारलं असतंत, खाली कित्याक गेल्लंस?

सातिवलीच्या त्या दिवसाचं भांडण आपलं अजून मिटलेलं नाही, अण्णा. गाडी भरायची होती म्हणून मालकाने मला थांबवून घेतलं, फोनची बॅटरी गेलेली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, रिक्षा करून थेट युनिटमध्ये. मालकासमोर उभे राहून म्हणालात, "चेडू आमचा मशीन नाय." मालकाला काही कळेना. मग तेच हिंदीत, आणखी मोठ्याने, "लडकी हमारी मशीन नहीं है!" पॅकिंगच्या बायका त्यानंतर कितीतरी दिवस मला 'ओ मशीन' म्हणून हाक मारायच्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. घरी आल्यावर मी ओरडले, "मी तिथे सुपरवायझर आहे आणि माझा बाप मला न्यायला येतो!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाप न्हेवाक नाय येवचो, मगे कोण येतलो?"

न्यायला येणारा एक माणूस आला होता, अण्णा. तुम्ही विसरला असाल, मी नाही. मीच घेऊन आले होते त्याला चहाला. तुम्ही त्याचं गाव विचारलंत, देव विचारलात, नोकरी विचारलीत, आणि चहा येईपर्यंत काही सापडेना म्हणून त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघून म्हणालात, "पाच मिन्टां मागे आसा." तो परत आला नाही. आता एका घड्याळावरून पळणारा माणूस तसाही काय कामाचा, हे मला कळतं. पण ते माझं मला कळू द्यायचं होतंत ना? यावर आपण कधी बोललोच नाही. मी त्या आठवड्यात तुमच्या ताटात रोज दुधी वाढला, तेवढंच.

आणि सातिवलीच्या त्या भांडणाचं सांगायचं तर, मालकाने त्यानंतर मला कधी सहाच्या पुढे थांबवलं नाही. हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते. तुम्हाला बरं वाटलं असतं. बरं वाटलं असतं म्हणूनच सांगितलं नाही.

गेल्या गणपतीत तुमचा आवाज पहिल्यासारखा लागत नव्हता. भिंतीला हात टेकून उभे होतात. दादाचं नाव घेतलंत, वहिनीचं घेतलंत, त्यांच्या ओमची दहावी, परबकाकींचे गुडघे, सोसायटीचं पाणी, सगळं देवाच्या कानावर घातलंत. मी मागे उभी, हात जोडून, तोंड तयार ठेवून. आता माझं येणार. काय असेल या वर्षी? मोबाईल? स्कूटर? उलट उत्तरं? आणि तुम्ही म्हणालात, "काय चुकला माकला आसात ता पदरात घी, म्हाराजा," आणि हात कपाळाला लावलेत. संपलं. लोक प्रसादाकडे वळले. मला काय झालं माझं मलाच कळेना. इतकी वर्षं जे ऐकून अंगाची लाही व्हायची, ते नेमकं आलं नाही, तर मी आणखी खवळले.

दुपारी जेवणं झाल्यावर तुम्ही निर्माल्य गोळा करत बसला होतात. मी जाऊन समोर उभी राहिले. म्हटलं, "अण्णा, माझं राहिलं."

"काय?"

"गाऱ्हाण्यात. सगळ्यांचं मागितलंत, माझं नावच घेतलं नाहीत."

तुम्ही वरसुद्धा बघितलं नाहीत. जास्वंदीची फुलं दुर्वांतून वेगळी करत म्हणालात, "तुझा काय सांगूचा? तू आसस मां."

तुझं काय सांगायचं? तू आहेस ना. झालं, एवढंच. परत फुलं निवडायला लागलात. आणि मी तेव्हापासून या एका वाक्याशी भांडतेय. 'आहेस ना' म्हणजे काय, अण्णा? खिडकीशी खुर्ची आहे, हॉलमध्ये पंखा आहे, तशी मी आहे? की आता हिच्यात सुधारण्यासारखं काही उरलं नाही म्हणून देवाला त्रास नको, असं? की विसरलात, आणि विसरलो म्हणायची लाज वाटली म्हणून काहीतरी फेकलंत? भाजी चिरताना, झाकणांची खोकी मोजताना, सिग्नलला उभी असताना मी हे उलटंसुलटं करून बघत राहिले. विचारायला हवं होतं. तुम्हाला काही विचारायचं म्हणजे त्या उत्तरातून पुन्हा दहा प्रश्न मलाच यायचे, म्हणून विचारलं नाही.

आणि दुसरं कारण होतं. गणपतीच्या आधीच मी गोखिवऱ्यात एक खोली बघून ठेवली होती. कामाच्या जागेपासून जवळ. एक खोली, छोटासा ओटा, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. मालकीण ओळखीची. तुमच्या जेवणाचं परबकाकींकडे बघणार होते, रविवारी येऊन राहणार होते, सगळं डोक्यात नीट लावून झालं होतं. चोरून जायचं असतं तर मी केव्हाच गेले असते, अण्णा. भांडून जाणं तर त्याहून सोपं, रोज एक कारण हाताशी होतं. मला सांगून जायचं होतं. मी सांगायचं आणि तुम्ही 'जा' म्हणायचं, मग शंभर चुका काढल्या असत्यात तरी चाललं असतं. तुमच्या तोंडून तेवढा एक 'जा' ऐकायचा होता. गणपती झाले की सांगू म्हटलं, तर 'तू आसस मां' ऐकलं आणि जीभच उचलेना. मग दिवाळी झाली की सांगू. मग संक्रांत झाली की. मालकीण विचारून विचारून थकली आणि शेवटी तिने किल्लीच माझ्या हातात ठेवली, ये बाई तुला यायचं तेव्हा. ती किल्ली मी लाल ड्रेसच्या शेजारी ठेवली.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुम्हाला सांगणारच होते, असं म्हणायला किती छान वाटलं असतं. पण खोटं कशाला बोलू, त्या सकाळीही सांगणार नव्हतेच. मी चपला घालत होते. तुम्ही खुर्चीतून विचारलंत, "गॅस बंद केलंस?" मी म्हटलं, "दोनदा बघितला, अण्णा!" आणि दार धाडकन ओढलं. झालं आपलं शेवटचं बोलणं. दुपारी परबकाकींचा फोन आला. आपला डबा परत द्यायला गेल्या तर तुम्ही खुर्चीतच, मान एका बाजूला, तोंड गेटाकडे. मी आले तेव्हा हॉल माणसांनी भरला होता. आणि अण्णा, तुम्हाला सांगते, मी त्या सगळ्यांना बाजूला सारून पहिली स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बघितला. बंदच होता. मग तुमच्याकडे आले.

बाराव्या दिवशी परबकाकी आपल्याकडे भाजी निवडायला बसल्या होत्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "अण्णा खिडकीत आसायचे. तुझी लायट गेटात दिसली काय म्हणायचे, इला हां. आता वायच बसतला खाली, टाकीकडे."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. म्हटलं, "काकी, त्यांना माहीत होतं?"

"तर! मीया म्हटलंय, हाक मारा मां तिका. तर म्हणाले, नको, बसांदे. थंय तिका कोण काय बोलणा नाय. आणि मगे उठान डाळ गरम करूक ठेवायचे."

आधी मला रागच आला. माझी एकुलती एक लपायची जागा, तीसुद्धा तुमच्या हजेरीत! एवढी वर्षं मी पुलावरच्या ट्रॅफिकच्या थापा मारतेय आणि तुम्ही त्या ऐकून घेताय. आणि मग दुसरा राग आला, पहिल्याहून मोठा. म्हणजे तुम्हाला कळत होतं! तुमच्या बोलण्याचा मला त्रास होतो, मला थोडा वेळ कुणी काही न बोलणारी जागा लागते, हे सगळं तुम्हाला कळत होतं. मग मी जिना चढून वर आल्यावर का बोलायचात? खाली बसांदे आणि वर 'खंय होतंस'? हे कसलं तुमचं वागणं, अण्णा! कुणावर ओरडू आता मी? मी गवार तिथेच टाकली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. किती वर्षं घरी आल्याबरोबर डाळ गरम मिळायची आणि मी कधी विचारलं नव्हतं की ती गरम कशी.

तेराव्याला आपल्याकडे पान वाढून झालं की गाऱ्हाणं घालायचं असतं. ते दादाकडे आलं. दादा पुण्यात राहून मालवणी पार विसरला आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. हात जोडून सुरू झाला, "हे परमेश्वरा, आमच्या पूज्य वडिलांच्या आत्म्यास चिरशांती लाभो आणि त्यांनी घालून दिलेल्या आदर्शांवर चालण्याचे बळ आम्हा सर्वांना..." शाळेच्या गॅदरिंगला आभार मानतात तसं. वाक्य संपेचना. लोक हात जोडून एकमेकांकडे बघायला लागले, होय म्हाराजा म्हणायचं कुठे? मग दादा मध्येच थांबला. शब्दच संपले असावेत. पानावरचा भात निवत चालला होता.

परबकाकी माझ्याकडे वळल्या. "बाये, तूच घाल."

मागून गावाकडचे कुणी काका पुटपुटले, "बायलमाणसान?"

"मगे काय झाला?" काकी म्हणाल्या. "हिच्याइतक्या अण्णांचा गाऱ्हाणा कोणी आयकलेला आसा?"

हात ओले होते, ते ओढणीला पुसले आणि मी पुढे झाले. "बा देवा म्हाराजा," म्हटलं आणि दचकले. आवाज माझा, पण चाल सगळी तुमची. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, सगळं आपसूक येत होतं. इतकी वर्षं होय म्हणताना दुसरं काय शिकले असणार? म्हटलं, "ह्या माझ्या दादाक जरा मालवणी बोलूची बुद्धी दी!" लोक हसले, दादाही हसला, आणि सगळे म्हणाले, होय म्हाराजा. ओमच्या दहावीचं मागितलं. वहिनीच्या नोकरीचं मागितलं. परबकाकींचे गुडघे, सोसायटीचं पाणी, वॉचमनच्या मुलाची ॲडमिशन. होय म्हाराजा, होय म्हाराजा.

आणि मग ते आपोआप आलं. मी ठरवलं नव्हतं, अण्णा, तुमची शपथ. "बा देवा म्हाराजा, ह्या घरातला चेडू आता गोखिवऱ्याक ऱ्हवाक जातला. रागान नाय, भांडान नाय. सांगान जाता. तेका जावक दी, म्हाराजा!"

'होय म्हाराजा' आलंच नाही. कुणाला माहीतच नव्हतं ना. वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतः होय म्हणायचं नसतं. मी हात जोडून तशीच उभी. मला एवढा संताप आला तुमचा! तुमच्या प्रत्येक मागण्याला मी होय म्हटलं, बिनडोकलासुद्धा म्हटलं, आणि माझं एक मागणं, तर तुम्ही हार घालून भिंतीवर. म्हणा ना, अण्णा. एकदा म्हणा. हे मी मनात म्हटलं की तोंडाने पुटपुटले, आठवत नाही. शेवटी परबकाकी म्हणाल्या, "होय म्हाराजा." एकट्याच, खणखणीत. मग दादाने म्हटलं, अर्धवट. मग ते मागचे काका. मग सगळ्यांनी.

जेवणं आटोपल्यावर मी भांडी घासत होते आणि दादा पुसून ठेवत होता. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, फडका ओला आसा. दादाने विचारलं, "खरंच जाणार?" म्हटलं, हो. "आणि हे घर?" म्हटलं, रविवारी येत जाईन, खिडकी उघडीन, तू आलास की तुलाही राहायला झालं. त्याने हातातलं ताट पुसून ठेवलं. मग म्हणाला, "एक सांगू? रागावू नकोस. तू वॉचमनच्या मुलाचंसुद्धा मागितलंस. अण्णांचं काहीच मागितलं नाहीस. त्यांचं तेरावं, आणि त्यांचंच राहिलं."

मी भाताचं पातेलं घासत होते. वर न बघता म्हटलं, "तेंचा काय सांगूचा? ते आसत मां."

दादाने ऐकलं आणि पुढचं ताट घेतलं. त्याला त्यात काही वाटलं नाही. वाटणार कसं, मलाही बोलताना वाटलं नव्हतं. मग माझे हात थांबले. मी काय खुर्ची म्हणत होते का तुम्हाला? पंखा म्हणत होते? मी तुम्हाला विसरले होते का, अण्णा? सगळ्या गाऱ्हाण्यात एक तुमचीच तर चाल होती. मी पातेलं सिंकमध्ये तसंच टाकलं आणि ओट्याला टेकून मोठमोठ्याने रडले, तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा अशी रडले नव्हते. दादा घाबरून पाणी घेऊन आला. पाठीमागे नळ तसाच वाहत होता, आणि मला माहीत होतं की तुम्हाला आत्ता काय म्हणायचं असणार.

माझा राग गेलाय असं समजू नका. घड्याळाचं भांडण आहे, सातिवलीचं आहे, तिरफळांचं आहे. ती सगळी मी गोखिवऱ्याला बरोबर नेतेय.

बॅग दाराशी ठेवली आहे. ऑफिसच्या कपाटातून किल्ली आणि लाल ड्रेस आज घेऊन आले. ड्रेस घातलाय, तुम्ही बघितला नव्हतात म्हणून सांगते, बाह्या जरा आखूड आहेत. कपडे उलटे वाळत घातलेत, ते परबकाकी काढतील. खिडकी लावली. नळ बंद केला. आता निघतेय, अण्णा. गॅस दोनदा बघितला.